रथ आणि तारा

रत्नागिरींत थिबा राजवाड्यापलीकडे राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांची एम्. जी. टी. सी. ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार आहे. १९४५ ते १९४९ या काळांत इंग्लंडांत अ‍ॅबिंग्डन येथें अशा गाड्या तयार होत. गेल्या पावसाळ्यांत तिच्या डॅशबोर्डामागून धूर निघाला. उघडून पाहतों, तों तारांवरचें रबर बोट लागतांच भुगा होऊन गळूं लागलें, आणि तांब्यावर खाऱ्या वाऱ्यानें हिरवा थर चढलेला. मिस्त्रीनें सांगितलें, सारें वायरिंग काढून नवें घातलें पाहिजे. स्नेही म्हणाले, "मग बाबांची गाडी उरली किती?"

प्रश्न जुनाच. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, कीं तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे आंस, चाकें कीं जूं? राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो, आणि शेवटीं कबूल करतो, कीं या साऱ्यांच्या मेळास रथ हें नांव आहे, इतकेंच. ब्रह्मदेशांत हा ग्रंथ खुद्दकनिकायांत गणतात. तेव्हां मठांत पाली शिकलेला थिबा राजा त्याशीं अपरिचित नसावा. त्याचें राज्य १८८५ सालीं गेलें, तो १९१६ सालीं येथेंच वारला. राजवाडा मात्र अजून त्याच्याच नांवानें ओळखला जातो.

पण नांवाचा प्रश्न मला तितकासा अवघड वाटत नाहीं. अवघड होती ती स्नेह्यांची पुढची इच्छा: नव्या तारांवर जुन्यासारखें सुती वेष्टण चढवावें, पाहणारास बदल कळूं नये. ही लबाडी नव्हे काय? रंग मूळचेच ठेवावे हें ठीक. बॅटरीची तपकिरी, इग्निशनची पांढरी, पुढच्या दिव्यांची निळी, ही उद्यांच्या मिस्त्रीची सोय आहे. सुती वेष्टणही शोभतें. मात्र "कळूं नये" हे दोन शब्द मला खटकले. या गाडीचा सांगाडा हाच विजेचा परतीचा मार्ग; उघडी तार टेंकेल तेथें ठिणगी, आणि पेट्रोल जवळच. ते नातीला हिच्यांतून भाट्याच्या किनाऱ्याकडे नेतात. वडील असते तर त्यांनीं तारा त्याच दिवशीं उपटल्या असत्या, आणि तसें चारचौघांना सांगितलेंही असतें, असें मी स्पष्ट बोललों. ते कांहीं वेळ गप्प बसले.

काम संपल्यावर बॉनेटखालच्या हत्यारपेटींत त्यांनीं जुन्या तारेचा वीतभर तुकडा ठेवला, आणि झांकणाच्या आंतल्या बाजूस तारीख घातलेला कागद चिकटवला: सर्व तारा नव्या.