किती सीसी?

मागच्या महिन्यात मावसभावाचा मेसेज आला. ‘दादा, ऑफरोडसाठी बाईक घेतोय. किती सीसी घेऊ?’ सोबत तीन स्क्रीनशॉट : एक दोनशेची, एक चारशेची, एक साडेचारशेची. तो बावीस वर्षांचा आहे, नुकताच नोकरीला लागलाय आणि मला यातलं बरंच कळतं असा त्याचा समज आहे. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं आणि शेवटी ‘रात्री फोन करतो’ म्हणून फोन खिशात टाकला. त्या रात्री फोन केला नाही.

प्रश्न वरवर अगदी सोपा आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो, ती घनसेंटीमीटरमध्ये मोजली की झाली सीसी. जागा जास्त, म्हणजे हवा-पेट्रोल जास्त, म्हणजे ताकद जास्त. दुकानात, कट्ट्यावर, लग्नात भेटलेल्या काकांशी बोलताना एवढ्यावर भागतं. पण हा आकडा किती कमी सांगतो याचं एक उदाहरण घ्या. रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयनचं इंजिन ४११ सीसीचं, म्हणजे केटीएमच्या ३७३ सीसीवाल्या ३९०पेक्षा मोठं. तरी हिमालयनची ताकद साधारण २४ हॉर्सपॉवर आणि केटीएमची ४३. कारण हिमालयनचा सिलिंडर ७८ मिलिमीटर रुंद आणि पिस्टनचा प्रवास ८६ मिलिमीटरचा, म्हणजे उभट. केटीएमचा ८९ रुंद आणि प्रवास फक्त ६० चा, म्हणजे पसरट. पसरट इंजिन भराभरा फिरू शकतं आणि त्याची ती ४३ हॉर्सपॉवर ९००० आरपीएमला भेटते. उभट इंजिन एवढं फिरत नाही, पण खालच्या फेऱ्यांमध्ये बैलासारखं ओढतं.

आता एन्ड्युरो म्हणजे काय? दगड, चिखल, ओढे, मुरमाचे चढ अशा वाटांवरून तासन्‌तास गाडी चालवत राहणं. वेग बऱ्याचदा माणूस पळेल एवढाच असतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, तीन-साडेतीन हजार आरपीएमला तुम्ही एखाद्या दगडावरून पुढचं चाक कसंबसं पलीकडे टाकत असता. तिथे ९००० आरपीएम हा शब्दही आठवत नाही. म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजले, तो आकडा त्या वाटेवर कधी भेटतच नाही. भेटला, तर चुकून भेटतो. त्या चुकीकडे मी येणारच आहे.

मी कामावर सर्व्हरच्या क्षमतेचे हिशेब करतो. आमच्याकडे ‘पीक लोड’ नावाची गोष्ट असते. वर्षातल्या एखाद्या सेलच्या रात्री जेवढी गर्दी होईल, तेवढी झेपेल अशी तयारी ठेवायची. उरलेले दिवस ती क्षमता पडून राहते, पण ती रात्र खरी असते, तिचे आकडे गेल्या वर्षीच्या लॉगमध्ये सापडतात. बाईक घेताना आपण ज्या पीक लोडची तयारी करतो, तो कुठल्याच लॉगमध्ये नसतो. तो असतो डोक्यात. एक ‘मी’ असतो, जो रोज पहाटे व्यायाम करतो, दर रविवारी डोंगरात जातो, लडाख करून आलाय आणि उभ्या चढावर पायटांवर उभा राहून सफाईदार गाडी काढतो. साडेचारशे सीसी त्याच्यासाठी असते. हप्ता मात्र जो भरतो, तो सोमवार ते शुक्रवार खुर्चीत बसलेला असतो आणि त्याची कंबर दुखत असते.

यात नैतिक प्रश्न कुठला, असं कोणी विचारेल. स्वतःच्या पैशांनी स्वतःबद्दलचा गैरसमज विकत घ्यायला कायद्याने बंदी नाही. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, आम्ही चौघं मुळशीच्या आतल्या बाजूला गेलो होतो. माझी गाडी दोनशे सीसीची, १९ हॉर्सपॉवरच्या आसपास. त्या दिवशी एका मित्राने हौसेने त्याची दिली : चाळीसच्या वर हॉर्सपॉवर, वजन पावणेदोनशे किलोच्या पुढे. दोन भातखाचरांच्या मधून एक गाडीवाट वर चढत होती. मधल्या एका दगडावर पुढचं चाक आपटलं, मी मागे फेकला गेलो आणि माझ्याबरोबर माझी उजवी मूठही मागे गेली. मूठ मागे म्हणजे रेस वाढणार. रेस वाढली की गाडी अजून पुढे झेपावते, माणूस अजून मागे पडतो, मूठ अजून पिळली जाते. याला ‘व्हिस्की थ्रॉटल’ म्हणतात. माझ्या गाडीवर हे माझ्याकडून आधीही झालेलं होतं, एकदा नव्हे, चार-पाचदा तरी. दर वेळी गाडी थोडी हिसका देऊन, घुसमटून बंद पडली होती आणि मागचे हसले होते.

या वेळी गाडी वाट सोडून सरळ बांधात घुसली. मी एका बाजूला पडलो, ती बांधावर आडवी झाली आणि तिचं मागचं चाक बंद होईपर्यंत बांधाची माती उकरून मागे फेकत राहिलं. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. बांधाचा दोन हात तुकडा खाली खाचरात गेला होता.

आवाज ऐकून एक आजोबा आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग बांधाकडे, आणि मग बराच वेळ बांधाकडेच. मी पाचशेच्या दोन नोटा काढल्या. ते चिडतील किंवा पैसे नाकारतील, अशा दोन शक्यता मी मनात धरल्या होत्या. त्यांनी पैसे घेतले, बंडीच्या खिशात ठेवले आणि घरून फावडं-घमेलं आणायला लावलं. ते फावडं माझ्या हातात दिलं. “मजुरी झाली,” ते म्हणाले, “आता बांध घाला.”

दीड तास आम्ही माती ओढली, दगड रचले. मी रचलेले दगड ते काहीही न बोलता काढायचे आणि परत बसवायचे. बांध म्हणजे नुसता मातीचा ढीग नसतो हे मला तिथे कळलं. कित्येक पावसाळे खाऊन ती माती बसलेली असते, तिच्यात गवताची मुळं विणली गेलेली असतात. त्यावर भातातलं पाणी उभं राहतं. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, “वली माती हाय. पयल्या पावसात बसली तर बसली. न्हाय तर पानी खालच्या खाचरात.” खालचं खाचर त्यांच्या चुलतभावाचं होतं.

ऑगस्टमध्ये मी त्या बाजूला गेलो होतो. त्या खाचराकडे वळलो नाही.

तत्त्वज्ञानात या प्रसंगासाठी एक चर्चा आधीच होऊन गेलेली आहे. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी ‘मॉरल लक’ हा विषय मांडला. दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर आहेत. एक सुखरूप घरी पोचतो. दुसऱ्याच्या गाडीसमोर नेमकं एक मूल येतं. चूक दोघांची तेवढीच, पण दोष आपण दोघांना सारखा देत नाही. का? मला हे वाचताना नेहमी वाटायचं की दुसऱ्याचं नशीब वाईट, एवढंच. माझ्या मुठीची चूक दोन्ही गाड्यांवर सारखीच होती. एकदा हसे झालं, एकदा बांध फुटला.

पण मग लक्षात आलं की माझ्या बाबतीत यात नशीब फार थोडं आहे. मूठ कधी घसरेल ते मला ठाऊक नसतं, पण ती घसरते हे मला पक्कं ठाऊक होतं. चार-पाचदा घसरलेली होती. दुसऱ्याच्या, जड आणि दमदार गाडीवर बसताना मी त्या घसरण्याची किंमत वाढवून घेत होतो आणि ती किंमत कोण भरणार याचा विचारही केला नव्हता. सीसी निवडणं म्हणजे आपली एक चूक केवढ्याला पडावी हे आधी ठरवून ठेवणं. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही, सांगावं अशी अपेक्षाही नाही.

इंजिनाच्या प्रकाराचंही असंच आहे, पण आपल्याकडे तो प्रश्न जवळपास निकालात निघालाय. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, म्हणून इंजिन हलकं. जगभरच्या अवघड एन्ड्युरो स्पर्धांत अजूनही तीनशे सीसीच्या टू-स्ट्रोकचंच राज्य आहे. शंभर किलोच्या आसपास वजनाच्या या गाड्यांची देखभाल किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. आपल्या आधीच्या पिढीला टू-स्ट्रोक म्हटलं की आरएक्स १०० आठवते : ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, आणि तो आवाज. माझ्या काकांकडे होती. ती विकल्याचं ते अजून बोलून दाखवतात. पण टू-स्ट्रोकमध्ये थोडं न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल धुरासोबत बाहेर जातं. त्या धुराची किंमतही चालवणारा एकटा भरत नव्हता. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि आज रस्त्यावर चालवायची नवी टू-स्ट्रोक बाईक आपल्या शोरूममध्ये दिसत नाही. शिवाय नवशिक्याला आणखी एक अडचण : उतारावर रेस सोडली की फोर-स्ट्रोक इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, टू-स्ट्रोक जवळपास मोकळी सोडतं. सह्याद्रीत जेवढा चढ, तेवढा उतार.

ऑफिसमध्ये माझे एक सीनियर आहेत, ते साडेचारशे चालवतात आणि फार सांभाळून चालवतात. त्यांना हे सगळं पटत नाही. त्यांचा पहिला मुद्दा व्यवहाराचा आहे आणि बरोबर आहे. परदेशात लोक डर्ट बाईक ट्रेलरवर टाकून डोंगरापर्यंत नेतात. आपण तीच गाडी घरापासून चालवत नेतो, हायवेवर, ट्रकच्या शेजारून. तिथे दोनशे सीसी पूर्ण पिळून नव्वदने जाणं काही सुखाचं नाही, आणि ओव्हरटेक करताना हाताशी राखीव ताकद असणं ही सुरक्षाच आहे. त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त बोचला. ते म्हणाले, “आज जेवढं झेपतं तेवढंच घेत राहिलास, तर झेपणं वाढणार कधी?”

याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. मी इंजिनियरिंगला गेलो तेव्हा मला ते झेपेल असं घरातल्या कोणालाही खात्रीने म्हणता आलं नसतं. पहिल्या वर्षी गणितात उडालो. वडिलांनी कर्ज काढलं होतं. माझ्या त्या वेळच्या कुवतीच्या मापाने शिक्षण घेतलं असतं, तर आज हा लेख लिहायला मी पुण्यात नसतो. म्हणजे आपल्यापेक्षा मोठं काहीतरी घेणं, त्यात धडपडणं आणि मग त्या मापाचं होणं, हे मी स्वतः केलेलं आहे. मग बाईकला वेगळा नियम का?

बरेच दिवस घोळवल्यावर मला एकच फरक दिसतो. माझं इंजिनियरिंग फसलं असतं तर त्याचा भार वडिलांवर पडला असता, आणि कर्जाच्या कागदावर सही करताना त्यांना ते माहीत होतं. बांधवाल्या आजोबांना कोणी काही विचारलं नव्हतं. माझ्या शिकण्याचा खर्च त्यांच्या खाचरावर पडेल हे त्यांना कळलं, तेव्हा तो पडून गेला होता. सड्यांवरची गोष्ट अजून वाईट. तिथे कातळावर मातीचा जेमतेम थर असतो, त्यात पावसाळ्यात फुलं येतात, आणि तिथे फावडं हातात देणारंही कोणी नसतं. सीनियरना हे सांगितलं. ते म्हणाले, “मग मोकळ्या मैदानात शिक ना, मोठ्या गाडीवर.” हेही बरोबरच आहे.

तरी भावाला काहीतरी सांगायचं होतं. मी जुन्या चालवणाऱ्यांकडून ऐकलेली एक परीक्षा त्याला सांगितली : जी घ्यायचीय तशी गाडी कोणाची तरी माग, पार्किंगमध्ये हळूच आडवी कर आणि एकट्याने उचल. लागोपाठ पाच वेळा. डोंगरात एका सकाळी एवढ्या वेळा पडणं काही विशेष नाही. पाचव्यांदाही उचलता आली, तर ती तुझ्या मापाची. मेसेज पाठवला आणि बरं वाटलं, कारण यात सीसीचा आकडा न सांगता उत्तर दिल्यासारखं होतं.

मग रात्री एर्झबर्ग आठवलं. ऑस्ट्रियात लोखंडाच्या खाणीत १९९५पासून ही एन्ड्युरो स्पर्धा होते. अंतिम फेरीला पाचशे जण निघतात, चार तासांची मुदत असते आणि शेवटपर्यंत मोजकेच पोचतात. २०१५ मध्ये संयोजकांनी ‘डाउनटाउन’ नावाचा एक उतार-चढावांचा टप्पा असा ठेवला होता की त्यातला चढ कोणालाच एकट्याने चढता येईना. जार्विस, वॉकर, गोमेझ आणि लेटेनबिख्लर, त्या काळातले जगातले सर्वांत चांगले चालवणारे, आपापल्या गाड्यांसकट तिथे अडकले. शेवटी चौघांनी एकमेकांच्या गाड्या ओढून, ढकलून वर काढल्या आणि एकत्रच शेवटची रेषा ओलांडली. चौघांनाही विजेते ठरवलं गेलं. तिथे कुठल्याच सीसीचा उपयोग नव्हता, आणि माझी एकट्याने उचलायची परीक्षा चौघंही नापास झाले असते.

दोन दिवसांनी भावाचा फोटो आला. सोसायटीचं पार्किंग, चारशेची गाडी आडवी, शेजारी घामाघूम तो आणि आमचे वॉचमन काका हसतायत. खाली लिहिलं होतं : ‘तीनदा एकट्याने उचलली. चौथ्यांदा काकांनी हात दिला. चालतं का?’

अजून रिप्लाय दिलेला नाही.