वारसा आणि ऊन

इंग्लंडमधल्या स्टोअरब्रिजचे डॉक्टर विल्यम नॉरिस यांनी १८२० साली एका रुग्णाची हकिकत छापली. एकोणसाठ वर्षांच्या त्या गृहस्थाच्या पोटावरच्या तिळातून काळी गाठ उपजली आणि तिनेच त्यांचा जीव घेतला. वडीलही सुमारे तीस वर्षांपूर्वी अशाच आजाराने गेले होते, भावांच्या आणि मुलांच्या अंगावर पुष्कळ तीळ होते, हेही नॉरिस यांनी टिपून ठेवले. मेंडेलचे वाटाण्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध व्हायला तेव्हा शेहेचाळीस वर्षे अवकाश होता.

हा वारसा कुठे दडलेला असतो, ते १९९४ मध्ये उलगडले. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेलेनोमा. तो ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, त्यांतल्या अनेकांत नवव्या गुणसूत्रावरच्या ‘सीडीकेएन२ए’ या जनुकात बिघाड सापडतो. त्यापासून बनणारे ‘पी१६’ प्रथिन पेशीच्या बेसुमार विभाजनाला लगाम घालते. आई किंवा वडिलांकडून सदोष प्रत येण्याची शक्यता प्रत्येक अपत्यामागे निम्मी. दुसरी प्रत शाबूत आहे तोवर निभावते. एखाद्या पेशीत तीही गेली की लगाम सुटतो.

पण वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे. अशा घराण्यांचा एक मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सदोष जनुक असलेल्यांना वयाच्या ऐंशीपर्यंत मेलेनोमा होण्याची शक्यता युरोपात ५८ टक्के निघाली, अमेरिकेत ७६ आणि ऑस्ट्रेलियात ९१. बिघाड त्याच जनुकातला, पण डोक्यावरचे ऊन निराळे. संचित घेऊन आलो तरी क्रियमाण आपल्या हाती उरते, याचा इतका रोकडा दाखला मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

त्या घरांतले क्रियमाण अगदी साधे आहे. मुलांना लहानपणापासून कडक उन्हात जपायचे. एकमेकांची पाठ उजेडात निरखायची: तिळाची कड वेडीवाकडी झाली का, रंग दुरंगी झाला का, आकार वाढला का. या गाठीची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरच्या आत असतानाच ती काढली, तर बहुतेक जण बरे होतात.

आपल्याकडे गडद त्वचेमुळे मेलेनोमा विरळा. होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली, जिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. म्हणून वरचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. पण कर्करोगाचा वारसा स्तन, अंडाशय, आतडे यांच्या बाबतीत आपल्याही घरांत असतो, आणि तो आपण लपवतो. स्थळ मोडेल म्हणून मावशीचा आजार ‘पोटाचे दुखणे’ होतो. अशा लपवण्याने मुलीच्या अंगातले जनुक बदलत नाही. तिची वेळेवर होऊ शकणारी तपासणी तेवढी हुकते. जनुक न विचारता पुढच्या पिढीकडे जाते, माहिती मात्र कुणीतरी द्यावी लागते. कुणाला कोणता कर्करोग कितव्या वर्षी झाला, हे घरातल्या तरुणांना आणि त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगणे, हे थोरांचे कर्तव्य आहे.