दिव्यांची हजेरी

डॅशबोर्ड हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडीत हाकणाऱ्याच्या पुढे एक उभी फळी असे. टापांनी उडालेला चिखल अंगावर येऊ नये, एवढेच तिचे काम. घोडा गेला. फळी आपल्या नावासह मोटारीत येऊन बसली. जी बाहेरचे आत येऊ देत नव्हती, ती आता आतले बाहेर सांगू लागली. आडोसे असे कधी कधी बोलके होतात. माणसांच्या बाबतीत उलटे अधिक घडते.

सुरुवातीला काटे होते. तेलाच्या दाबाचा काटा, पाण्याच्या उष्णतेचा काटा, डायनामोच्या प्रवाहाचा काटा. काटा फक्त किती ते सांगे. फार की थोडे, हे पाहणाऱ्याने ठरवायचे. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन गाड्यांत तेलाच्या आणि डायनामोच्या काट्यांच्या जागी दिवे आले. काटा वाचायला शिकावे लागते; दिवा दिसला की पुरते. इंग्रजीत या दिव्यांना पुढे ‘मूर्खांचे दिवे’ असे नाव पडले. नाव ठेवणाऱ्यांच्या गाड्यांतही यथाकाल तेच दिवे बसले.

काटा चढतो, उतरतो, थरथरतो. दिव्याला यातले काही येत नाही. तो नसतो, आणि मग असतो. तयार निकाल मिळू लागले की पुरावा वाचण्याची सवय जाते.

उष्णतेचा काटा काही गाड्यांत अजून आहे. तो जुना काटा नव्हे. इंजिन तापले की तो मध्यावर येतो आणि तिथेच थांबतो. पाणी ऐंशी अंशांवर असो की शंभरावर, अनेक गाड्यांत तो जागचा हलत नाही. त्याला तसे बसवलेलेच असते. पूर्वी घाट चढताना काटा थोडा वर सरकला की लोक घाबरत, गाडी गॅरेजात आणत, आणि दोष काहीच निघत नसे. तेव्हा काट्यालाच शांत राहायला शिकवले. जे माणूस थोडे काही झाले की बोलते, त्याला घरोघरी हेच शिकवतात. मग ते शिकते. पुढे एके दिवशी काटा एकदम लाल पट्ट्यात जातो, आणि भोवतालचे सगळे विचारतात, आधी का नाही सांगितले?

तेलाचा दिवा लाल. त्यावर लांब चोचीची कुपी आणि चोचीच्या टोकाला एक थेंब. शिवणयंत्राला तेल घालायची कुपी ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांना ती चहाची किटली वाटते. हा दिवा तेल किती उरले ते सांगत नाही. तो दाब सांगतो. दाब गेला की फिरत्या भागांमधला तेलाचा पातळ थर फाटतो, धातू धातूला भिडतो, आणि काही मिनिटांत इंजिन संपू शकते. त्याचा अर्थ एकच आहे. गाडी बाजूला घ्यावी आणि बंद करावी. ‘आता घर आलेच’ हे वाक्य अशा वेळी फार ऐकू येते. घर खरोखरच जवळ असते. इंजिनाला पत्ता माहीत नसतो.

बॅटरीच्या दिव्याचे आणखी निराळे. दोष बहुधा बॅटरीचा नसतोच. ती भरणारा अल्टरनेटर बिघडलेला असतो, किंवा त्याला फिरवणारा पट्टा तुटलेला. गाडी चालत राहते. हेडलाइट तितकेच प्रखर, पंखा चालू, गाणे चालू. सारे साठवणीवर. मिळकत थांबलेले घरही काही काळ असेच झगमगते. शेजाऱ्यांना कळत नाही. घरातल्यांना तरी कळतेच असे नाही.

रंगांचा संकेत जगभर ठरलेला आहे. लाल म्हणजे आत्ता. पिवळा म्हणजे लवकर. हिरवा म्हणजे काही नाही, फक्त चालू आहे. या खुणांचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे, त्याचा क्रमांक २५७५. शब्दांऐवजी चित्रे घेतली, कारण गाड्या सीमा ओलांडतात आणि भाषा ओलांडत नाहीत. चित्रे मात्र गेलेल्या काळाची आहेत. इंजिनाची आकृती आजच्या कुठल्याही इंजिनासारखी दिसत नाही. खूण वस्तूपेक्षा जास्त जगते. देव्हाऱ्यातल्या टाकांकडे पाहिले तरी हे कळते.

माणसे लालला घाबरतात. पिवळ्याशी संसार करतात.

पिवळ्यांत सर्वांत परिचित तो चेक इंजिनचा. त्याचा जन्म इंजिनाच्या काळजीतून झालेला नाही. कॅलिफोर्नियात १९८८ च्या गाड्यांपासून तो सक्तीचा झाला, तो हवेसाठी. धुरावर ताबा ठेवणारी यंत्रणा बिघडली तरी गाडी नीट धावते; बिघाड मालकाला कधीच जाणवणार नाही, शहराला जाणवेल. म्हणून गाडीनेच मालकाला सांगावे असे ठरले. १९९६ पासून अमेरिकेत ही व्यवस्था अधिक काटेकोर झाली, २०१३ पासून भारतातही. म्हणजे हा दिवा दुसऱ्याच्या वतीने लागतो. त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष व्हावे, यात नवल नाही.

पण त्याच्या अंगी एक न्याय आहे. बहुतेक दोषांच्या बाबतीत तो पहिल्या चुकीला लागत नाही. यंत्र चूक टिपून ठेवते आणि गप्प राहते. पुढच्या फेरीत तीच चूक दिसली तर दिवा लागतो. मग सलग तीन फेऱ्या ती दिसली नाही, तर तो आपण होऊन विझतो. नोंद राहते. चूक घडली त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, हेही त्या नोंदीत असते. इंजिन चाळीस वेळा गार होऊन पुन्हा तापले, मधे काही घडले नाही, की नोंदही पुसली जाते. एकदा सोडून द्यायचे, दुसऱ्यांदा बोलायचे, सुधारले की थांबायचे, आणि ठरल्या मुदतीनंतर खरोखरच विसरायचे. नवराबायकोत, भावाभावांत हा क्रम कुठे दिसत नाही. तिथे पहिल्याच चुकीला आवाज चढतो आणि चाळीस वर्षांनी तारखेसह आठवण निघते. किंवा कुणी एक बोलतच नाही. ते अधिक महाग पडते.

दिवा लुकलुकू लागला तर गोष्ट वेगळी. एखाद्या सिलिंडरात पेट्रोल जळत नाही, ते तसेच पुढे जाते आणि धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरला आतून जाळते. स्थिर पिवळा वाट पाहू शकतो. लुकलुकणारा पिवळा जवळजवळ लालच. एवढा फरक पुस्तिकेत लिहिलेला असतो. पुस्तिका हातमोज्यांच्या कप्प्यात असते, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

गॅरेजात स्कॅनर लावतात. पडद्यावर पाच खुणांचा कोड येतो. पी०४२० आला तर कन्व्हर्टर पुरेसे काम करत नाही असा त्याचा अर्थ. पण कन्व्हर्टर बिघडला आहे, की त्याच्याविषयी सांगणारा सेन्सर, की वाटेत धुराच्या नळीला कुठे फट पडली आहे, हे कोड सांगत नाही. दोष जिथे जाणवला ती जागा तो सांगतो. जाणवण्याची जागा आणि होण्याची जागा एकच असेल, हे गृहीत धरणाऱ्यांची बिले मोठी होतात. चांगला मेकॅनिक कोड वाचल्यावर बॉनेट उघडून बराच वेळ नुसता ऐकत उभा राहतो. वाईट मेकॅनिक म्हणतो, सेन्सर टाकावा लागेल. साक्षीदाराला आरोपी करणे सोपे असते. तो समोर हजर असतो.

याहून सोपी एक सेवा आहे. ‘एरर काढून दिला.’ स्कॅनरची एक कळ दाबली की नोंद पुसते, दिवा विझतो. गिऱ्हाईक समाधानाने पैसे देते आणि गाडी घेऊन जाते. दोष तसाच गाडीबरोबर जातो. काहीजण एवढाही खर्च करत नाहीत. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावतात. लोकांना त्रास दिव्याचा होतो. दोषाचा व्हायला अजून अवकाश असतो.

वेगाचा काटा कायद्याने खोटा असतो. युरोपातल्या नियमाप्रमाणे त्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचे नाही. जास्त दाखवायला दहा टक्के आणि वर ताशी ४ किलोमीटर इतकी मुभा. खरा वेग १०० असेल तर काटा ११४ पर्यंत जाऊ शकतो. भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे ठेवणाऱ्या घरांना हा नियम समजावून द्यावा लागत नाही. त्या घरांतली माणसे गाडी चुकवतातच. दहा मिनिटांचा हिशेब मनात वजा करून.

१ जुलै २०१९ पासून भारतातल्या नव्या मोटारींना वेगाची घंटा आणि आसनाच्या पट्ट्याची घंटा सक्तीची झाली. ताशी ८० ओलांडले की घंटा थांबून थांबून वाजते, १२० ओलांडले की अखंड. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला १०० ची परवानगी आहे. म्हणजे नियम पाळणाऱ्यालाही बोल ऐकावे लागतात. ज्याला दोष नसताना रोज टोकले जाते, त्याचे कान लवकरच दोषींसारखे होतात.

पट्ट्याची घंटा बंद करायला बाजारात एक वस्तू मिळे. पट्ट्याच्या टोकाची नुसती धातूची जीभ, मागे पट्टा नाही. ती खाचेत खोचली की यंत्राची खात्री पटते. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना ती काढायला लावली. १३,११८ जाहिराती उतरल्या. आदल्या वर्षीच्या ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या आसनावर होते. पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. नंतर काही आठवडे मागच्या पट्ट्यांची चर्चा देशभर चालली. काही आठवडे.

शेजारच्या आसनाखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. भाजीची जड पिशवी ठेवली तरी तो पट्टा मागतो. हसू येते. पण माणूस आणि वजन यांत गल्लत करणारे यंत्र एकटेच नाही.

काही दिवे माणसांच्या मरणातून लागलेले आहेत. टायरमधल्या हवेचा दिवा तसा. घोड्याच्या नालासारखी आकृती, आत उद्गारचिन्ह. ती टायरची आडवी कापलेली बाजू आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन टायरांचे थर सुटून फोर्ड एक्स्प्लोरर गाड्या उलटल्याचे प्रकरण उघडकीस आले. दोनशेहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी कायदा झाला. हवा पाव हिश्श्याने कमी झाली की लागणारा दिवा २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत आला. आता तो लागतो तेव्हा चालक वैतागतो. हवा भरायला रांग असते.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत बहुतेक काटे मेलेले असत. पेट्रोलचा काटा आडवा पडलेला, वेगाचा शून्यावर. समोर छोटा गणपती, त्याला ताजा हार. चालकाला आवाज कळे, वास कळे, स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यातून हाताला येणारी थरथर कळे. ३० ऑक्टोबर २०२३ ला त्या टॅक्सींचे मुंबईतले आयुष्य संपले. त्या फार चांगल्या गाड्या होत्या, असे आता म्हणतात. तशा त्या नव्हत्या. चालकाला ऐकावे लागे, एवढेच.

आताचे पडदे पूर्ण वाक्ये बोलतात, इंग्रजीत. किल्ली खिशात असते आणि पडद्यावर किल्ली सापडत नसल्याचे लिहिलेले असते. सर्व्हिसची तारीख जवळ आल्याचे कळवतात. त्यांना पंचांग कळते, प्रकृती कळत नाही. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

अधिक लिहिण्यासारखा आहे तो किल्लीचा खटका. किल्ली फिरवली, इंजिन अजून सुरू व्हायचे आहे, त्या क्षणी महत्त्वाचे सारे दिवे एकदम लागतात. लाल, पिवळे, कुपी, बॅटरी, एअरबॅग. दोन-चार सेकंद. मग एकेक करून विझतात. नवशिका दचकतो. ही दिव्यांची हजेरी असते; प्रत्येकाने आपल्याला बोलता येते हे दाखवायचे. जुनी गाडी घेणारा जाणकार त्या वेळी लागलेले दिवे पाहत नाही. न लागलेला शोधतो. एअरबॅगचा दिवा हजेरीला उठला नाही, तर एअरबॅग ठीक आहे असा त्याचा अर्थ नसतो. कुणीतरी त्याचा बल्ब काढलेला असतो. कधी तो उठतोही, पण त्याची तार तेलाच्या दिव्याला बांधलेली असते, म्हणजे तो लागला-विझला की हाही लागतो-विझतो.

घरात अशी हजेरी होत नाही. तिथे न लागणारा दिवा हे आरोग्याचे लक्षण मानतात. एखादे माणूस वर्षानुवर्षे काही म्हणत नाही. विचारले तर म्हणते, बरी आहे. काटा नेहमी मध्यावर. त्याचे सगळ्यांना कौतुक असते; दुसऱ्यांच्या घरी उदाहरण म्हणून सांगतात. ती शांतता कुणी, केव्हा शिकवली, हे कुणालाच आठवत नाही.

हल्ली किल्ली पहिल्या खटक्यावर ठेवून थोडे थांबणे होते. मागची गाडी हॉर्न देते. दिवे मोजून होतात. सगळे लागतात, सगळे विझतात. डाव्या आसनाच्या पट्ट्याचा दिवाही विझतो. पट्टा कुणी लावलेला नसतो. आसनावर वजन नाही, एवढे यंत्राला कळते.