डब्याचं पोट

मालगाडी हा तसा उपेक्षित प्राणी. एक्स्प्रेसला निरोप द्यायला माणसं हार घेऊन येतात. मालगाडीकडे निरखून पाहतो तो फाटकाशी खोळंबलेला इसम, तोही चडफडत डबे मोजत. आमचा अमेरिकेतला भाचा मात्र हे डबे घरी बनवतो. १:८७ या प्रमाणात. म्हणजे चाळीस फुटी डबा चौदा सेंटिमीटरचा आणि सहा फुटी हमाल बोटाच्या पेराएवढा!

डबा १९४८ सालचा असेल तर छपरावर चालायची फळी हवीच. तिकडे १९६६ पासून नव्या बंदिस्त डब्यांना ती देणं बंद झालं; त्यानंतरच्या डब्यावर ती दिसली, तर या मंडळींच्या लेखी तो ब्रह्महत्येच्या खालोखालचा गुन्हा. पण खरा जीव जातो तो डब्याच्या पोटाखाली. ब्रेकचा सिलिंडर, हवेची टाकी, व्हॉल्व्ह, आणि ०.३ मिलिमीटर तारेच्या नळ्या. एवढं करून डबा रुळांवर ठेवला, की पोट दिसेनासं!

"अरे, पण हे बघणार कोण?"

"मामा, मला माहीत असतं ना!"

उत्तर सात्त्विक आहे. पण पाहुणा आला की हेच चिरंजीव डबा उलटा करून दाखवतात. शिवाय त्या नळ्यांत हवा नाही, ब्रेकनं काही थांबत नाही. मग खोट्या वस्तूत ओतलेल्या खरेपणाची किंमत काय?

आमच्या सोसायटीच्या कंत्राटदारानं भिंतीत नळ घातला आणि गिलावा करून टाकला. सांधा कुणी पाहिला नाही. पहिल्या पावसानं पाहिला. तिथं नळ खरा होता, इमान खोटं. भाच्याचं नेमकं उलट.

खऱ्या डब्याच्या ब्रेकची गंमत अशी, की नळीत हवा असेतो तो सुटलेला असतो. नळी फुटली की आपोआप लागतो. हे वेस्टिंगहाऊसनं १८७० च्या दशकात साधलं. गाडीत आपण घोरतो, ते कुणीतरी न दिसणाऱ्या जागी नीट काम केलंय या भरवशावर. त्या कामाची सवय कुठंतरी लागायला हवीच की! तालमीतली कुस्ती लुटुपुटीची असते, अंगात येणारं बळ नसतं.

तेव्हा भाचा डबा उलटा करून दाखवतो, तर दाखवू दे बापडा. आमच्या कंत्राटदाराला म्हणून बघा, "जरा भिंत उलटी करून दाखवता का?"