खरी दया कोणती?

दया कोठे संपते आणि दुबळेपणाचे पोषण कोठे सुरू होते, हा प्रश्न आम्हांस ग्रंथ वाचून नव्हे, तर आमच्याच मंडळीतील एका घरी सुचला.

वसईच्या पूर्वेस लहानमोठे कारखाने आहेत. तेथे एका तरुणाचा उजवा हात प्रेसखाली सापडला. बोटे ओढणाऱ्या ज्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, त्या तुटल्या होत्या. शस्त्रवैद्यांनी त्या जोडल्या. पुढे कित्येक आठवडे आई त्यास घास भरवी, बहीण सदऱ्याची बटणे लावी, आणि आम्ही वर्गणी नेऊन देत असू. आपण दया करीत आहो, असे सर्वांस वाटे. मग एके दिवशी रुग्णालयातील ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी आईस सांगितले, “आता घास भरवू नका. ताटात वाल पसरा आणि त्याला एकेक उचलायला लावा.” मुलगा रडला, आई रडली, आणि आम्ही त्या बाईंस मनात कठोर म्हटले. ती आमची चूक होती.

शस्त्रवैद्याचे काम काही तासांचे, या बाईंचे महिन्यांचे. जोडलेली कंडरा लवकर ताणली तर तुटते. फार दिवस स्वस्थ ठेवली तर भोवती चिकटून बसते. म्हणून हाताच्या मापाचा आधार बांधून, रोज ठरलेल्या मापानेच बोटे हालवावी लागतात. ही विद्या शिकविणारी भारतातील पहिली शाळा, अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केली.

मिशनरी आईबापांचे पुत्र डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ साली वेल्लोरच्या मिशन रुग्णालयात आले. कुष्ठरोगाने वाकलेली बोटे त्यांनी शस्त्रक्रियेने सरळ केली. परंतु सरळ हातास भीक मिळेना आणि कामही कोणी देईना. तेव्हा नवजीव निलयम नावाच्या वस्तीत रोग्यांस सुतारकाम शिकविण्यात आले. बरा झालेला हात कामास लागेपर्यंत दया पुरी झाली नव्हती.

मार्काच्या तिसऱ्या अध्यायातील वाळलेल्या हाताचा मनुष्य आठवा. प्रभूने त्यास भिक्षा दिली नाही. जे त्यास करिता येत नव्हते, तेच, म्हणजे हात पुढे करण्यास, सांगितले. आणि सांगताना बळही दिले.

यात एक धोका आहे. दूर उभे राहून “ऊठ, काम कर” म्हणणे ही दया नव्हे. त्या बाई शेजारी बसत, दुखणे किती ते पाहत, मग मापाने भार वाढवीत. शिवाय काही हात पुन्हा कधीच पूर्ण चालत नाहीत. म्हणून त्या मनुष्याची देवापुढील किंमत तिळभरही कमी होत नाही. तरी त्याच्याकडून होईल तेवढे त्यास करू देणे, हाच त्याचा मान राखणे होय.

आता आम्ही वर्गणीबरोबर रुग्णालयाच्या गाडीभाड्याची व पुढील कामाचीही चौकशी करितो. त्या तरुणाचे एक बोट अजून ताठच आहे. गेल्या प्रभुभोजनाच्या वेळी त्याने प्याला उजव्या हाताने घेतला. प्याला हलला. आम्ही सावरावयास हात पुढे केला होता, तो मागे घेतला. एक थेंबही सांडला नाही.

बंधुभगिनींनो, ज्याच्यावर आपण दया करितो, त्यास उद्या आपली गरज आजच्यापेक्षा कमी लागेल काय? प्रत्येकाने हे आपल्या अंतःकरणास विचारावे.