क्लचवरचा पाय

आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या ३५व्या श्लोकावर. त्याच्या आधीच्या श्लोकात अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं म्हणजे वाऱ्याला आवरण्यासारखं आहे. भगवंत त्याला खोटं पाडत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करतात आणि दोन उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास समजतो. पण इथे वैराग्य कशाला? ते मला कळलं ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत.

चौतिसाव्या वर्षी मॅन्युअल गाडी शिकायला घेतली. पुण्यात सिंहगड रोडला, सकाळी सातची बॅच. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासात डावी पोटरी भरून यायची, घरी जिना चढताना पाय थरथरायचा. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्याचं असंच होणार, असं मला वाटलं. एक दिवस शिकवणाऱ्या काकांनी खाली वाकून पाहिलं. "साहेब, क्लचवरून पाय काढतच नाही का तुम्ही?"

खरंच काढत नव्हतो. गाडी बंद पडेल या धास्तीने पाय कायम तिथेच, अर्धवट दाबलेला. मोठ्या सिग्नललासुद्धा फर्स्ट गिअर टाकून क्लच दाबून बसायचो. काकांनी सीट पुढे घ्यायला लावली, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा जरासा वाकलेला राहील इतकी. सिग्नलला न्यूट्रल, हँडब्रेक आणि पाय बाजूला. गिअर बदलताना पूर्ण दाबायचा, काम झालं की पूर्ण सोडायचा. अर्धवट दाबून ठेवला की क्लचप्लेट घासून झिजते आणि पायही दमतो. चार दिवसांत पोटरी दुखायची थांबली.

मनाची धडधड मात्र थांबली नव्हती. एका सकाळी एक आजी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. ब्रेक मारायला हवा, हे मला दिसत होतं. पण मागे बस होती. गाडी बंद पडली तर हॉर्न वाजतील, हा विचार आधी आला. माझा पाय हलायच्या आत काकांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी बंद पडली, हॉर्न वाजले, आजी पलीकडे गेल्या. काका एवढंच म्हणाले, "गाडी परत चालू होते, साहेब."

ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. त्या क्षणी मी घाबरलो होतो, पण आजींना लागेल म्हणून नाही. लोक हसतील म्हणून! भीती वाटणं हा दोष नाही, अर्जुनालाही वाटली. पण आपली भीती कोणासाठी आहे, हे तपासायला हवं. माझी सगळी भीती माझ्याच इभ्रतीसाठी होती, आणि तिची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली असती.

म्हणून अभ्यासाबरोबर वैराग्य. नुसत्या सरावाने पाय तयार होतो, पण 'लोक काय म्हणतील' यावर तो अडकलेलाच राहतो. वैराग्य म्हणजे गाडी सोडून देणं नाही. जिथे पाय ठेवायची गरज नाही, तिथून तो काढणं.

चढावर माझी गाडी अजूनही बंद पडते. आता हँडब्रेक ओढतो, एक श्वास घेतो, नाम घेतो आणि परत चालू करतो.

आजचा संकल्प: दिवसभरात एकदा थांबून बघूया, आपण कोणता क्लच उगाच दाबून बसलोय?

राम कृष्ण हरी!