निर्णय तुमचा, टाके तिला

मागच्या बाकांवरचं हसणं आधी बंद करा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आज आपलं काम बाजूला ठेवून तुमच्याशी बोलायला आल्या. पुरुष नसबंदीचा विषय निघाला आणि अर्धा वर्ग माना खाली घालून खिदळला. तू तर वर बोललास, ‘ते बायकांचं असतं, सिस्टर.’ पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, उद्या तुझं लग्न होईल. म्हणून मी हे हसण्यावारी नेणार नाही.

बायकांचं असतं म्हणजे काय रे? दिवस तिला जातात, कळा ती सोसते. पण पाळणा लांबवायचा का, हे ठरवायची वेळ आली की तिला कोण विचारतं? तांबी बसवायची तर नवऱ्याची परवानगी. गोळ्या घ्यायच्या तर धान्याच्या डब्यात लपवून. ‘एक मुलगा होऊ दे, मग बघू’ हे सासूबाई ठरवणार. आणि दोन-तीन मुलं झाली की तोच नवरा सांगतो, ‘आता हिचं ऑपरेशन करून टाका.’ निर्णय तुमचा आणि टाके तिला, याला तू बायकांचं म्हणतोस?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे लिहून घ्या. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. त्याच पाहणीत सुमारे ३५ टक्के पुरुष म्हणाले की गर्भनिरोध ही बाईची बाब, पुरुषानं त्यात डोकं घालायची गरज नाही. तुझं वाक्य तुझं नाहीच, आजूबाजूला ऐकलेलं तू न तपासता बोललास. आणि पाचांतला जवळजवळ एक पुरुष म्हणाला की साधनं वापरणारी बाई वाकड्या वाटेला लागू शकते. गोळ्या डब्यात का लपवाव्या लागतात, ते इथे कळतं.

‘मर्दानगी जाते’ असंही कुणीतरी कुजबुजलं. विज्ञानाचे विद्यार्थी ना तुम्ही? नसबंदीत फक्त शुक्रवाहिनी बंद होते. पुरुषी संप्रेरक रक्तातून जातं, त्याला धक्का लागत नाही. बिनटाक्याची शस्त्रक्रिया, तेवढ्या जागेपुरती भूल, अर्ध्या तासाच्या आत काम होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणी करून घ्यायची, हे पथ्य. बाईची शस्त्रक्रिया पोटाला छेद देऊन होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. त्या भागातल्या शिबिरांनंतर १३ जणी गेल्या. यात हसण्यासारखं काय आहे ते मला सांगा.

र. धों. कर्वे हे नाव तुम्ही स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करता. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या कामापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावली. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. त्या माणसांनी आयुष्य खर्चलं आणि तुम्ही शंभर वर्षांनी तोंडावर हात ठेवून खिदळता!

मुलींनो, तुम्हीही वर बघा. सज्ञान स्त्रीला कायद्यात बसणाऱ्या गर्भपातासाठी नवऱ्याची संमती लागत नाही. नसबंदीसाठीही कायद्यानं लागत नाही. कुणी नवऱ्याची सही मागितली तर हे ठामपणे सांगा.

आणि तू, लग्न ठरेल तेव्हा याद्यांच्या बैठकीआधी त्या मुलीशी बोल. मूल हवं का, कधी हवं, तोवर कोणतं साधन तिला चालेल, हे तिला विचार आणि ती सांगेल ते मान. कुटुंब पुरं झालं असं तुम्हा दोघांना वाटेल तेव्हा तिला दवाखान्यात धाडण्याआधी तू स्वतः जा आणि तुझं नाव लिहून ये.